जर्मनीत घर मांडताना: वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं

या वेळी आलेल्या पत्रांमधे जर्मनीतून लिहिणारे इतके जण होते की सगळा स्तंभ त्यांनाच देऊन टाकला. नावं गाळलीयेत, शहरं तशीच ठेवलीयेत. मी स्वतः बरीच वर्षं इथे राहतेय, नव्याने आलेल्या कितीतरी कुटुंबांसोबत इथल्या ऑफिसांमधे, दवाखान्यांमधे बसलेय, त्यातून जे कळलं ते सांगतेय. पत्रं वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवली, बहुतेकांना त्रास होतोय तो नियमांचा नाही, नियम आधी कुणी सांगितलाच नाही याचा.

प्रश्न: ताई, नोकरीसाठी फ्रँकफर्टला आलोय, अजून जर्मन येत नाही. टपालपेटीत रोज काहीतरी पडलेलं असतं. एका पत्रात टीव्ही-रेडिओचे पैसे भरा म्हणून लिहिलंय, माझ्याकडे टीव्हीच नाहीये. रूममेट म्हणतो फेकून दे, फ्रॉड असतं. काय करू?

फेकू नका, पत्र बहुतेक खरंच आहे. त्याला रुंडफुंकबाइट्राग म्हणतात, सार्वजनिक टीव्ही-रेडिओसाठीची वर्गणी. तुमच्याकडे टीव्ही आहे की नाही याच्याशी तिचा संबंध नाही, ती घरावर असते. सध्या महिन्याला १८.३६ युरो, एका घराला एकदाच, मग घरात एक जण राहो की पाच. तुमचा रूममेट आधीपासून भरत असेल तर तुम्हाला वेगळे भरायचे नाहीत, पण त्याचा वर्गणी नंबर देऊन तसं कळवावं लागतं, गप्प बसलात तर थकबाकी वाढत जाते आणि वर दंड. रूममेटला आजच विचारा तो भरतो का. तोही भरत नसेल तर दोघांनी मिळून निस्तरा.

आता पत्रांबद्दल जरा सविस्तर सांगते कारण जर्मनीतलं निम्मं जगणं या पेटीतून चालतं. इथे कागदावर आलेल्या पत्राला जे वजन आहे ते फोनला नाही. बहुतेक सरकारी पत्रांना मुदत असते आणि पत्र न उघडल्याने मुदत थांबत नाही. पिवळं पाकीट आलं तर ते त्याच दिवशी उघडा, पोस्टमन त्यावर तारीख लिहून जातो आणि तिथून मुदत मोजली जाते, म्हणून पाकीटसुद्धा जपून ठेवा. दंडाच्या नोटिशीला हरकत घ्यायला दोन आठवडे असतात, टॅक्सच्या आकारणीला एक महिना. भाषा येत नाही ही अडचण खरी आहे, पण आता फोनवर फोटो काढून भाषांतर होतं, तेवढ्यावर पत्र कुणाचं, कशाबद्दल आणि कधीपर्यंत एवढं नक्की कळतं, आणि पहिल्या वाचनात तेवढंच पुरे. मग गरज पडली तर माणूस शोधायचा. एक साधी फाइल करा, पत्र आलं की वर तारीख टाकायची आणि आत ठेवायचं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण इथे जे लोक अडकतात ते बहुतेक वेळा पैसे नाहीत म्हणून नाही, पत्रांचा गठ्ठा न उघडता तसाच पडलाय म्हणून अडकतात.

आणि हो, आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी झालीये ना? घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते, घरमालकाचं सहीचं पत्र लागतं, नुसता भाडेकरार चालत नाही. मोठ्या शहरात अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही, मिळेल ती पहिली घ्या आणि तिचा कन्फर्मेशन मेल जपा. फॉर्मवर धर्माचा रकाना असतो, तो नीट समजून भरा, कारण चर्चचे सभासद म्हणून नोंद झाली तर इन्कम टॅक्सच्या वर ८ किंवा ९ टक्के चर्च टॅक्स कापला जातो. नोंदणीनंतर काही आठवड्यांत अकरा आकडी टॅक्स नंबर टपालाने येतो, तो ऑफिसला देईपर्यंत सगळ्यात चढ्या दराने टॅक्स कापला जाऊ शकतो, नंतर परत मिळतो पण पहिल्याच पगाराला माणूस घाबरतो. आणि हे सगळं टपालाने येतं म्हणून पेटीवर तुमचं आडनाव हवंच. फ्लॅट नंबर नावाचा प्रकार बऱ्याच इमारतींत नसतोच, पोस्टमन नाव बघूनच पत्र टाकतो, नाव नसेल तर पत्र परत जातं.

प्रश्न: आम्ही दोघं श्टुटगार्टला नवीन आलोय. रविवारी दुपारी भिंतीला ड्रिल करून कपाट लावत होतो तर संध्याकाळी दारावर चिठ्ठी, सही नाही काही नाही. नंतर दाराच्या हँडलला कुणीतरी एक पाटी अडकवून गेलं. माझे मिस्टर म्हणतात आपण बाहेरचे म्हणून हे चाललंय. मला रडूच आलं. लोक तोंडावर का बोलत नाहीत?

तुमचं वाईट वाटणं मी समजू शकते, नवीन जागेत पहिला निरोपच तक्रारीचा आला की घर परकं वाटायला लागतं. पण त्या पाटीबद्दल आधी सांगते. तुम्ही ज्या भागात राहता तिथे केअरवोखं नावाची जुनी पद्धत आहे, इमारतीतली घरं आळीपाळीने आठवडाभर जिना आणि समोरची जागा झाडून काढतात, पाटी तुमच्या दारावर आली म्हणजे पाळी तुमची. शेवटी तुम्ही ती शेजारच्या दाराला लावायची. म्हणजे ज्याने ती लावली त्याने तुम्हाला बाहेरचं नाही, इमारतीतलं धरलं.

ड्रिलचं म्हणाल तर रविवार इथे खरोखर वेगळा दिवस आहे. रविवारच्या विश्रांतीचं संरक्षण १९१९च्या वायमार राज्यघटनेत लिहिलेलं होतं आणि ते कलम आजच्या घटनेतही जसंच्या तसं घेतलंय. दुकानं बंद असतात ती म्हणूनच, मोठ्या स्टेशनातली दुकानं, पेट्रोलपंप, काही तास बेकऱ्या एवढंच उघडं. ड्रिल, हातोडा, असलं काही त्या दिवशी करायचं नाही. रोज रात्री दहा ते सकाळी सहा शांतता, आणि बऱ्याच इमारतींच्या नियमांत दुपारी एक ते तीनसुद्धा. काचेच्या बाटल्या टाकायचे रस्त्यावरचे डबे असतात ना, त्यावर पण वेळ लिहिलेली असते, रविवारी तिथे खळखळाट चालत नाही. करारासोबत हाउसओर्डनुंग, म्हणजे इमारतीचे नियम, म्हणून एक-दोन पानं मिळाली असतील, तीच पानं सगळ्यात आधी भाषांतर करून वाचा.

चिठ्ठीबद्दल माझं मत असं आहे की बरेच लोक चिठ्ठी लिहितात ते तोंडावर वाद नको म्हणून. मला स्वतःला समोर येऊन बोललेलं जास्त आवडतं आणि बिनसहीची चिठ्ठी मला बरी वाटत नाही, पण त्यात हेतू अपमानाचा असतोच असं नाही. तुम्ही एक करा, येत्या शनिवारी दुपारी दोघं मिळून वरच्या, खालच्या आणि शेजारच्या घराची बेल वाजवा, आम्ही नवीन राहायला आलोय, आमचं नाव हे, रविवारचं माहीत नव्हतं, एवढंच. इथे नव्या माणसाने जाऊन ओळख करून द्यायची असते, जुने लोक येत नाहीत, आणि नव्याला वाटतं आपल्याकडे कुणी फिरकलंच नाही. पुढे घरी पाहुणे जमणार असतील तर दोन दिवस आधी जिन्यात चार ओळींचा कागद लावा, नाव आणि फोन नंबर घालून. ओळख झाली की तेच शेजारी तुमची पार्सलं घेऊन ठेवतात, तुम्ही गावाला गेलात की झाडांना पाणी घालतात.

मिस्टरांचं म्हणणं मात्र मी उडवून लावणार नाही. भेदभाव इथे होतो, विशेषतः घर शोधताना, नाव वाचून उत्तरच न देणारे आहेत. त्यासाठी २००६पासून कायदा आहे आणि आन्टीडिस्क्रिमिनीरुंग्सश्टेल देस बुंडेस ही केंद्र सरकारची संस्था फुकट सल्ला देते. दाद मागायला मुदत कमी असते, म्हणून तसं काही घडलं तर तारीख, वेळ, कोण काय म्हणालं ते लगेच लिहून ठेवा आणि लगेच विचारा. फक्त ड्रिलची चिठ्ठी मी त्यात धरणार नाही.

प्रश्न: ताई, नवऱ्याच्या ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांच्या कामाच्या परवान्यावर, बर्लिनला आलेय. तिकडे फार्मासिस्ट होते, स्वतःचा पगार होता. इथे सगळं तोच बघतो, बँक, पत्रं, डॉक्टर, कारण त्याला थोडं जर्मन येतं. तो चांगला आहे, तक्रार नाही. पण नोव्हेंबरपासून मला सकाळी उठावंसंच वाटत नाही. चार वाजता अंधार. घरी फोनवर सगळं छान आहे म्हणून सांगते. माझंच काही चुकतंय का?

तुमचं काहीही चुकत नाहीये, हे आधी मनात पक्कं करा. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण अशा बायका मला सतत भेटतात, शिकलेल्या, हुशार, आणि इथे येऊन घरातल्या घरात हळूहळू लहान होत गेलेल्या. नवरा वाईट नसतो. तो प्रेमाने सगळं करतो आणि त्यामुळेच बायकोचा या देशाशी संबंधच येत नाही. त्याची पहिली दोन वर्षं ऑफिसमधे धडपडत, चुकत, शिकत जातात आणि तिची तशीच निघून जातात, मग लोक म्हणतात तो रुळला, ती रुळली नाही. तिला रुळायला काही मिळालं कुठे?

म्हणून मी तुम्हाला छंद वगैरे जोपासा असं सांगणार नाही. उद्यापासून टपालपेटीची किल्ली तुमच्याकडे घ्या. घरातली पत्रं तुम्ही उघडायची, भाषांतर करायची, कुठल्याला उत्तर लागतं ते ठरवायचं, अडलं तर संध्याकाळी नवऱ्याला विचारायचं, पण आधी तुम्ही. वेळ लागेल, तो म्हणेल अगं मी पटकन करतो, त्याला सांगा की पटकन नकोय. दुसरं, स्वतःचं बँक खातं. युरोपियन युनियनमधे कायदेशीर राहणाऱ्या कुणालाही इथे साधं खातं, बेसिसकोंटो, उघडायचा हक्क २०१६पासून आहे, पगार नसला तरी. खात्यात दर महिन्याला ठरलेली रक्कम यावी आणि तिचा हिशोब कुणाला द्यायला लागू नये, हे मी स्पष्टच बोलतेय. तिसरं, तुमचं रेसिडेन्स परमिटचं कार्ड आणि त्यासोबतचा कागद काढून वाचा. काम करायला परवानगी आहे असं त्यावर लिहिलेलं असणार, ब्लू कार्डवाल्यांच्या जोडीदाराला ती पहिल्या दिवसापासून असते. कितीतरी जणींना हेच माहीत नसतं, डिपेंडंट म्हणजे काम बंद असं समजून बसतात.

फार्मासिस्टचं काम इथे परवान्याशिवाय करता येत नाही, आणि रस्ता लांब आहे, मी खोटं सांगणार नाही. पदवीची तपासणी होते, आपल्या शिक्षणातला फरक भरून काढायला बहुतेकदा परीक्षा द्यावी लागते, आणि रोजच्या जर्मनची बी-टू पातळी झाल्यावर फार्मसीच्या भाषेची सी-वन, म्हणजे त्याच्या वरच्या, पातळीची वेगळी परीक्षा. यात काही वर्षं जातात. पण ज्या जणींनी हे केलेलं मी बघितलंय त्यांचं सगळ्यांचं एकच होतं, त्यांनी कागदपत्रं आणि भाषा एकदमच सुरू केली, भाषा पूर्ण झाल्यावर बघू असं नाही म्हटलं. मार्कशीटची अधिकृत भाषांतरं करायलाच वेळ जातो. कुठून सुरू करायचं ते अनएर्केनुंग, म्हणजे पदवीची मान्यता, या नावाच्या सरकारी पोर्टलवर व्यवसाय आणि शहर टाकलं की कळतं, आणि प्रौढ स्थलांतरितांसाठीचा एम-बी-ई हा मोफत सल्ला प्रत्येक मोठ्या शहरात आहे, तिथे माणूस समोर बसून बोलतो.

भाषेसाठी इंटिग्रेशन्सकुर्स हा सरकारी कोर्स आहे, ६०० तास भाषा आणि १०० तास इथला इतिहास, कायदा, समाज. घरी बसून अ‍ॅपवर शिकण्यापेक्षा मला वर्गच आवडतो, आणि कारण फक्त भाषा नाही. सकाळी ठराविक वेळेला कुठेतरी पोचायचंय, कुणीतरी तुमचं नाव घेऊन हजेरी घेणार आहे, शेजारी सिरियाची, युक्रेनची, ब्राझीलची बाई बसलीये जिची तीच अडचण आहे, याने जे होतं ते अ‍ॅपने होत नाही. फी परवडत नसेल किंवा जागा नसेल तर फोल्क्सहोखशूलंमधे बघा, ती गावोगावची प्रौढांची शाळा आहे, भाषेसोबत शिवणापासून कॉम्प्युटरपर्यंत सगळं असतं, बरंच स्वस्त. लायब्ररींमधे श्प्राखकॅफे भरतात, तिथे चुकीचं जर्मन बोलायलाच लोक येतात. आणि एखादा फेराइन, म्हणजे मंडळ. जर्मनीत सहा लाखांहून जास्त नोंदणीकृत मंडळं आहेत, कोरसची, बागकामाची, बॅडमिंटनची, आणि इथली मैत्री तिथेच होते, दर मंगळवारी तेच लोक तीच वेळ असं महिनोन्‌महिने गेल्यावर. दोन कॉफ्या झाल्या आणि मैत्रीण झाली असं इथे होत नाही, त्याने खचून जाऊ नका, झालेली मैत्री मग टिकते.

अंधाराचं खरं आहे. डिसेंबरात बर्लिनला सूर्य सकाळी आठनंतर उगवतो आणि चारच्या आत मावळतो, ढग असले तर तोही दिसत नाही. दुपारी बारा ते दोनमधे रोज बाहेर पडा, पाऊस असला तरी, मस्त जाडजूड जॅकेट घालून. पण सकाळी उठावंसं न वाटणं आठवडेच्या आठवडे चाललं असेल तर फक्त हवामानावर ढकलू नका, तुमच्या हाउसआर्त्स्टकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे जा आणि जसं मला लिहिलंत तसंच सांगा. सायकोथेरपीचा खर्च सरकारी इन्शुरन्स उचलतो, मात्र नंबर लागायला वेळ जातो म्हणून लवकर. कधी रात्री एकदम असह्य झालं तर टेलेफोनझेलसोर्गं, ०८०० १११०१११, चोवीस तास, मोफत, नाव न सांगता. आणि घरच्यांना सगळं छान आहे सांगणं थोडं कमी करा. एका कुणाला तरी, बहीण असेल मैत्रीण असेल, खरं सांगा.

तुमच्या घरी तसं नाही हे तुम्ही लिहिलंयत, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या घरी असेल म्हणून लिहिते. नवरा पासपोर्ट लपवत असेल, मारत असेल, व्हिसा काढून घेईन म्हणून धमकावत असेल तर ११६०१६ या नंबरवर कधीही फोन करा, मोफत आहे, खूप भाषांमधे बोलतात, कुणाला कळत नाही. इथे लग्नाचे तीन वर्षं एकत्र राहिल्यावर बायकोला राहण्याचा स्वतंत्र हक्क मिळतो आणि छळ होत असेल तर तीन वर्षांची अट सोडता येते. परत पाठवतील या भीतीने कुणी सहन करत बसू नये.

प्रश्न: कोलोनला राहतो, मुलगी तीन वर्षांची आहे. रात्री ताप चढला की कुठे जायचं कळत नाही. इमर्जन्सीला गेलो तर चार तास बसवून ठेवलं. इथे डॉक्टर मिळतच नाहीत का?

मिळतात, पण दारं वेगवेगळी आहेत. दिवसा तुमचा ठरलेला मुलांचा डॉक्टर, त्याच्याकडे नाव आधीच नोंदवून ठेवायचं, आजारी पडल्यावर शोधायला गेलात तर नवीन पेशंट घेत नाहीत असं ऐकायला मिळतं. रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी थांबता येण्यासारखं नाही पण जिवावरचंही नाही, तेव्हा ११६११७. ते जवळचा चालू असलेला दवाखाना सांगतात. श्वास लागलाय, झटका आलाय, मूल शुद्धीत नाही, तेव्हा विचार न करता ११२. हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत आलेल्या क्रमाने घेत नाहीत, कोण जास्त गंभीर त्यावर ठरतं, तुम्हाला बसवून ठेवलं म्हणजे मुलगी धोक्यात नव्हती. ते चार तास बापाला किती लांब वाटतात ते मला माहितीये.

तापाची औषधं फक्त अपोथेकंमधे, म्हणजे औषधांच्या दुकानात, पॅरासिटामॉलसुद्धा, सुपरमार्केट आणि शॅम्पू-साबणाच्या दुकानांत नाही. रात्री आळीपाळीने एक अपोथेकं उघडं असतं, कुठलं ते कुठल्याही अपोथेकंच्या दारावर लिहिलेलं असतं, रात्रीची फी अडीच युरो. डॉक्टरने लिहून दिलेल्या औषधाला सरकारी इन्शुरन्समधे मोठ्यांना सहसा पाच ते दहा युरो पडतात, अठराच्या आतल्या मुलांना काही नाही. तापाचं औषध आणि थर्मामीटर घरात असू द्या, रविवारी धावपळ होत नाही. मुलीची यू-तपासण्यांची, म्हणजे मुलांच्या ठरलेल्या वेळच्या तपासण्यांची, पिवळी वही सुरू केलीये ना, नसेल तर डॉक्टरला मागा. आणि किंडरगार्टनला गोवराची लस झाल्याचा पुरावा लागतोच, २०२०पासून कायदा आहे.

प्रश्न: हँबर्गमधलं घर सोडतोय. घरमालकाला ईमेल केला, तीन नवे भाडेकरूही शोधून दिले, तरी तो म्हणतो तीन महिन्यांचं भाडं द्या. शिवाय बेडरूममधे बुरशी आलीये, डिपॉझिट कापणार म्हणतो.

तीन भाडेकरू दिले की सुटका हा जर्मनीतला खूप पसरलेला गैरसमज आहे, जर्मन लोकही सांगतात, कायद्यात तसं नाही. करारात तसं लिहिलेलं असेल किंवा मालक स्वतःहून मान्य करेल तरच. साधारणपणे भाडेकरूला तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत पोचली तर तो महिना धरतात. आणि ईमेलने दिलेली नोटीस चालतच नाही, कागदावर, सगळ्या भाडेकरूंच्या सह्यांनी. तुमची मुदत अजून सुरूच झालेली नसण्याची शक्यता आहे, त्यामुळे आजच पत्र लिहा, रजिस्टर्ड पोस्टाने किंवा साक्षीदारासमोर हातात द्या.

बुरशीबद्दल घरमालक म्हणणार तुम्ही खिडक्या उघडत नव्हता आणि तुम्ही म्हणणार भिंतीतच ओल आहे, खरं काय ते तपासल्याशिवाय कळत नाही. तुम्ही ती दिसल्या दिसल्या लेखी कळवलं होतं का हे महत्त्वाचं ठरतं. जे नवीन घर घ्याल तिथे दिवसातून तीन-चारदा खिडकी पूर्ण उघडून पाच-दहा मिनिटं हवा खेळवा, हिवाळ्यातसुद्धा, तिरकी उघडी ठेवून दिवसभर सोडली की भिंत गार होते आणि तिथेच ओल धरते. कपडे बेडरूममधे वाळत घालणं टाळा.

डिपॉझिट भाड्याच्या, तेही हीटिंग वगैरे सोडून असलेल्या भाड्याच्या, तीन पटीपेक्षा जास्त घेता येत नाही आणि घर सोडल्यावर मालक काही महिने ते तपासणीसाठी ठेवू शकतो. रंग लावून द्या म्हणाला तर लगेच लावू नका. तुम्हाला घर रंग न दिलेलं, वापरलेलं मिळालं असेल आणि त्याची भरपाई मिळाली नसेल तर रंगाची अट लागू होत नाही असा २०१५चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. तुमच्या शहरातल्या मीटरफेराइनचे, म्हणजे भाडेकरू संघाचे सभासद व्हा, वर्षाची वर्गणी भरली की वकील तुमचा करार वाचतो. चावी देताना खोलीखोलीचे फोटो, मीटरचे आकडे, आणि दोघांच्या सहीचा कागद, याशिवाय बाहेर पडू नका.

प्रश्न: ताई मी आखेनला एमएस करतोय. दोन प्रश्न, जिमचं कॉन्ट्रॅक्ट सोडता येत नाहीये, आणि बाटल्यांचे पैसे नक्की कुठल्या बाटल्यांना मिळतात?

कॉन्ट्रॅक्ट कधीचं आहे ते बघ. १ मार्च २०२२नंतर केलेलं असेल तर पहिली ठरलेली मुदत संपल्यावर एक महिन्याच्या नोटिशीने कधीही सोडता येतं, आधीसारखं आपोआप वर्षभर वाढत नाही. पहिली मुदत मात्र पाळावी लागते, दुसऱ्या शहरात नोकरी लागली हे कारण कोर्टानेही मानलेलं नाही. ऑनलाइन कॉन्ट्रॅक्ट करता येत असेल तर वेबसाइटवर रद्द करायचं बटण असायलाच हवं, त्याने रद्द कर आणि आलेला मेल ठेव. नाही ऐकलं तर फेरब्राउखरत्सेंट्रालं, म्हणजे ग्राहक सल्ला केंद्र. पुढच्या वेळी सही करायच्या आधी मुदत वाच, बाकी काही वाचलं नाहीस तरी तेवढं वाच.

बाटल्यांचं सोपं आहे, रिकामी बाटली दुकानातल्या मशीनला परत दिली की घेताना भरलेलं डिपॉझिट मिळतं, एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटल्या आणि कॅन यांना २५ सेंट, पुन्हा भरून वापरतात त्या बहुतेक बाटल्यांना १५, बीअरच्या साध्या काचेच्या बाटलीला ८. चेपू नकोस, मशीनला लेबल वाचता आलं पाहिजे. वाइनच्या आणि लोणच्या-जॅमच्या बरण्या काचेच्या डब्यात, रंग बघून. रस्त्यावर कुणी बाटल्या गोळा करताना दिसतं, म्हणून लोक कचरापेटीत न टाकता शेजारी उभी करून ठेवतात, तूही तसंच कर.

प्रश्न: म्युनिकला येऊन चार महिने झाले, भारतीय लायसन्सवर गाडी चालवतोय. मित्र म्हणतो चालतं. खरंच चालतं का?

अजून दोन महिने चालतं. इथे राहायला आल्यापासून सहा महिने, त्यानंतर चालवलीत तर ते बिनलायसन्स चालवणं धरतात, आणि तो साधा दंड नाही, गुन्हा आहे, अपघात झाला तर इन्शुरन्सवालेही पैसे तुमच्याकडून वसूल करू शकतात. भारतीय लायसन्स नुसतं बदलून मिळत नाही, लेखी आणि गाडीची अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. लेखी इंग्रजीतून देता येते. ठराविक तासांचं ट्रेनिंग घ्यायची सक्ती तुम्हाला नाही, पण परीक्षेला ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीतूनच जावं लागतं आणि थोडे तास घ्याच असं मी सांगेन. उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं हा नियम आणि वळताना खांद्यावरून मागे बघून सायकलवाला आहे का ते पाहणं, यात वर्षानुवर्षं चालवणारेही नापास होतात. अर्ज मंजूर व्हायलाच आठवडे जातात, तेव्हा या आठवड्यात डोळ्यांची तपासणी आणि एक दिवसाचा प्रथमोपचाराचा कोर्स बुक करा, अर्जासोबत दोन्हीचे कागद लागतात.